मोटारीचा नंबर

लाईट आठलाच आली होती. आता सव्वाअकरा वाजले होते, तरी मोटार गप्प होती. लीलाबाई खोरं घेऊन हळदीच्या बांधावर उभी होती. अक्षय तृतीयेला टाकलेलं बेणं आत्ता कुठं डोकं वर काढत होतं आणि त्या कोवळ्या पानांच्या कडा करपायला लागल्या होत्या. माती इतकी तापलेली की चपलेतूनही चटका बसत होता. तिनं कमरेच्या पिशवीतला मोबाईल काढला आणि तिसऱ्यांदा कराडला फोन लावला.

परगावच्या माणसाला हे खुळ्यासारखं वाटेल. विहीर दोनशे पावलांवर, मोटार विहिरीवर, आणि ती चालू करायला फोन लावायचा कराडला. पण तसंच होतं. विहीर दोघा भावांची, निम्मी निम्मी. थोरला वीरधवल, म्हणजे लीलाबाईचा नवरा, फौजेत हवालदार होता. पेन्शनीत आला तेव्हा त्यानंच आष्ट्याहून मोबाईल स्टार्टर आणून विहिरीवरच्या पेटीत बसवला. त्यात एक सिमकार्ड असतं. त्या नंबरावर फोन लावला की फोन आपोआप कट होतो आणि मोटार सुरू होते. पुन्हा लावला की बंद. मात्र वाटेल त्याचं ती ऐकत नाही. पेटीत ज्याचा नंबर भरलेला, त्याचंच ऐकते.

असे नंबर दोनच होते, दोघा भावांचे. तीन वर्षांमागं छातीत कळ येऊन वीरधवल गेला. तेरावा व्हायच्या आत धाकट्या हंबीररावानं भावाचा नंबर पेटीतून काढला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या गाडीच्या किल्लीत अडकवली. माझा नंबर भरा, असं लीलाबाई म्हणाली तर त्यानं अगदी मायेनं सांगितलं, "वैनी, तुमाला कशाला ताप? तुमी नुसतं मला सांगत जावा."

तेव्हापासून ती सांगतच होती.

"बोला वैनी," हंबीररावानं एकदाचा फोन उचलला.

"आवं भावजी, लाईट येऊन तीन तास झालं. आज पाळी माझी हाय. मोटार लावा की."

"लावतो. जेवाय बसलोय."

"एक फोन तर लावायचा हाय."

"जेवताना मी फोनला हात लावत न्हाई, वैनी." आणि हे तो फोनवरच सांगत होता.

बारा वाजता मोटार सुरू झाली. पाटाला पाणी आलं तशी लीलाबाई ओचा खोचून सरीत उतरली. एक सरी भरली की खोऱ्यानं तिचं दारं बांधायचं, दुसरीचं फोडायचं. वय पन्नाशीकडं झुकलेलं, डाव्या खांद्यात वात, पण दारं धरायला ती कुणाला ऐकणारी नव्हती. चौथी सरी निम्मी झाली आणि पाण्याचा जोर कमी झाला. मग पाणी थांबलं. सरीतलं उरलंसुरलं भेगांनी पिऊन टाकलं. तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्यानं कट केला. शेजारी हंबीररावाच्या शेडनेटमध्ये ढोबळी मिरची गारेगार उभी होती. तिला आदल्या दिवशीच पोटभर पाणी झालं होतं.

असं आठवड्यातून दोनदा व्हायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुमच्यानं व्हईना वैनी. रान मला लावून द्या आन् घरात बसून खावा." हंबीरराव कराडात बांधकामाचे ठेके घ्यायचा. बंगला तिथं, बायको-पोरं तिथं. त्याला गावातलं लीलाबाईचं तीस गुंठे रान हवं होतं, कारण ते त्याच्या दोन तुकड्यांच्या मधोमध होतं. तो मारामारी करत नव्हता, कोर्टात जात नव्हता. नुसतं पाणी तोडत होता, तेही फोनवरून, पंख्याखाली बसून.

एका रविवारी मात्र त्याचा पाय घसरला. लीलाबाईनं फोन लावला तेव्हा त्याच्याकडं पाहुणे होते. ती नेहमीसारखं बोलायला लागली. "भावजी, हात जोडते. हळद वाळाय लागली. तासभर तरी मोटार लावा." पलीकडून पाचसहा माणसं हसल्याचा आवाज आला. मग हंबीरराव कुणाला तरी म्हणाला, "ऐकलं? सुभेदारीण होयाची हुती, हवालदारावरच भागलं. आता रोज असं भजन असतंय." त्यानं फोन स्पीकरवर टाकला होता.

लीलाबाईनं फोन ठेवला. कानशिलं तापली होती. ती रडली नाही. मेलेल्या भावाच्या हवालदारकीवर याच्या पाहुण्यांनी चहा ढोसता ढोसता हसावं, हे तिच्या काळजात काट्यासारखं मोडलं. त्या घडीला तिला पाण्यापेक्षाही जास्त एक गोष्ट हवी होती. त्या माणसाला असंच चारचौघांत हात जोडायला लावायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आष्ट्याला गेली. महेजबीनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि शेजारच्या गाळ्यात तिचा नवरा मोहसीन जळालेल्या मोटारींच्या तारा नव्यानं भरायचा. वीरधवलला स्टार्टर बसवून दिला होता तो या जोडप्यानंच. महेजबीननं भिंग डोळ्यावरून वर सरकवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"काकू, पेटी न उघडता नंबर भरायचा तर मालक नंबरावरनंच भरता येतो. मालक नंबर आता तुमच्या दिराचा हाय."

"मग जन्मभर त्याच्याच तोंडाकडं बघू व्हय?"

महेजबीननं जरा विचार केला. "पेटीतलं सिम कुणाच्या नावावर हाय?"

"ते ह्यांनीच घेतलं हुतं. ह्यांच्याच आधारवर."

"आन् दिरानं नावावर करून घेतलं न्हाई?"

"त्यो कशाला करतोय? त्याला वाटतंय मोटारीचा नंबर म्हंजी मोटारीचाच."

महेजबीन हसली. "काकू, सिमला मोटार काय कळती? मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, तुमचं आधार आणा. कंपनीच्या दुकानात बोट लावलं की नंबर तुमच्या नावावर. नवं कार्ड मिळंल. पेटीतलं जुनं कार्ड मरंल."

"मग मोटार?"

"मुकी व्हईल. फोननं चालायची न्हाई."

"आन् भावजींनी फोन लावला तर?"

"नंबर तुमच्याकडं असंल नव्हं? तुमचाच फोन वाजंल."

लीलाबाई दुकानातल्या स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. महेजबीननं तिला पाणी दिलं, मग हळूच म्हणाली, "पण काकू, कुलपाची किल्ली त्यांच्यापाशी. मोटार बंद म्हंजी तुमची हळदबी तहानली."

"ती तशीबी तहानलेलीच हाय," लीलाबाई म्हणाली. "आता एकटीच कशाला तहानंल?"

कागद जमवून ती थांबली. कशासाठी थांबली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. हंबीरराव कुटुंबाला घेऊन तिरुपतीला जाणार होता आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सांगत फिरला होता. "दर्शनाच्या रांगेत उभा राहून मोटार चालवतो का न्हाई बघा," असं तो डेअरीवर म्हणाला होता. सोमवारी तो निघाला. पेटीची किल्ली गाडीच्या किल्लीसकट त्याच्या खिशात गेली. मंगळवारी लीलाबाईनं आष्ट्यात जाऊन बोट लावलं. संध्याकाळी नवं कार्ड वीरधवलच्या जुन्या फोनात घातलं आणि फोन चार्जिंगला लावून ती निवांत झोपली.

बुधवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं फोन उचलला आणि गप्प राहिली. पलीकडूनही आवाज नाही. मोटारीशी कोण बोलतंय! फोन कट होईना म्हणून हंबीररावानंच तो बंद केला. पुन्हा लावला.

"मोटार बोलतीया," लीलाबाई म्हणाली. "काय म्हनता भावजी?"

पलीकडं गर्दीचा गलका ऐकू येत होता.

"वैनी? तुमी? हा नंबर तुमच्याकडं कसा?"

"तुमच्या भावाच्या नावावर हुता. आता माझ्या नावावर हाय."

"आवं, काय खुळ्यागत करताय! मिरचीला पाणी पायजे. फळ धरलंय. मोटार चालू करा."

"किल्ली तुमच्याकडं. या की गावाला."

"मी तिरुपतीत हाय!"

"मग देवाला सांगा," असं म्हणून तिनं फोन ठेवला. भाकरी करपली होती, ती तिनं मोठ्या चवीनं खाल्ली.

तिची मुलगी पूजा आष्ट्याला कॉलेजात होती. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "आई," ती म्हणाली, "मिरचीत बाळासोमामाचा चौथा वाटा हाय."

बाळासो हंबीररावाचा वाटेकरी. तो आणि त्याची बायको सुलाबाई शेडनेटच्या कडेलाच पत्र्याच्या खोपीत राहायची. रोपं लावण्यापासून दोऱ्या बांधण्यापर्यंत सगळं त्या दोघांच्या हातचं होतं. लीलाबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं पुरतं जाणून घेऊन बाजूला सारलं.

"सुक्यासंगं वलंबी जळतंय," ती म्हणाली. "त्यानं असला मालक का धरला?"

त्या दिवसापासून हळदीला हापशाचं पाणी सुरू झालं. हापसा ओढ्याच्या कडेला, रानापासून बराच लांब. पहाटे लीलाबाई आणि पूजा दोन दोन कळशा घेऊन निघायच्या. हापशाचा दांडा जड, वीस हिसके मारल्यावर धार यायची. डोक्यावर एक, कमरेवर एक. सरीत जाऊन तांब्या तांब्यानं एकेका गड्ड्याला पाणी. ऊन चढेपर्यंत तीन सऱ्या व्हायच्या. लीलाबाईचा खांदा सुजला, पूजाच्या तळहाताला फोड आले. तरी लीलाबाई थांबली नाही. अंगात एक प्रकारची तरतरी होती. दुखणंही तिला बरं वाटत होतं.

गुरुवारी हापशावर सुलाबाई आली. तिच्या हातात दोन डबे होते आणि मागं बाळासो सायकलला कॅन अडकवून. शेडनेटमध्ये रोपं हजारांनी. कॅननं कुठली भागणार? तरी ती दोघं आणत होती. लीलाबाईला बघून सुलाबाईनं डबा बाजूला घेतला.

"भरा वैनी, आधी तुमी. तुमी लांबनं आलाय."

लीलाबाईनं कळशी लावली.

दुपारी बाळासो विहिरीवर हातोडा घेऊन आला. तर पेटीखालच्या कट्ट्यावर लीलाबाई बसलेली.

"वैनी, मालकांचा फोन आला. कुलूप तोड म्हनालं."

"पेटी निम्मी माझी हाय. तोड. मी पोलीस पाटलाकडं जाते."

"मी गरीब मानूस. मला कशाला मधी घेताय?"

"मी घेतलं न्हाई, बाळासो. त्यानं घेतलं. त्याला म्हनावं, मला फोन लाव."

बाळासो उभा राहिला, हातोड्याकडं बघितलं आणि परत गेला. वीरधवलच्या फोनवर त्या दिवशी हंबीररावाचे सतरा फोन आले. तिनं एकही उचलला नाही. हंबीररावानं तिच्या नेहमीच्या नंबरावर लावून बघितलं. तोही नाही. ऊन असं पडलं होतं की कावळे चोच वासून बसत होते.

शुक्रवारी संध्याकाळी लीलाबाई दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेली. हंबीररावाच्या गप्पा रंगायच्या तीच डेअरी. पंधरावीस माणसं रांगेत होती. फोन वाजला. तिनं किटली खाली ठेवली, फोन उचलला आणि स्पीकरचं बटण दाबलं. ते बटण तिनं पूजाकडून मुद्दाम शिकून घेतलं होतं.

"वैनी, फोन ठेवू नगासा," हंबीररावाचा आवाज सगळ्या डेअरीत घुमला. "आवं, मिरची मान टाकाय लागली म्हनतोय बाळासो."

"मोठ्यानं बोला भावजी. ऐकाय येत न्हाई."

"मिरची वाळली तर लय नुकसान हुईल."

"मग काय करू मी?"

"कुलूप तोडू द्या."

"असं कसं? किल्लीवाल्याचा मान असतोय."

रांगेतलं कुणीतरी फस्सदिशी हसलं. हंबीरराव थांबला. त्याला कळलं असावं. पण पाण्याची नड माणसाला कुठवर ताठ राहू देते?

"वैनी, हात जोडतो. माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"तुमचा नंबर काढायला नगो हुता."

"माझा नव्हता. तुमच्या भावाचा हुता. माझा तुमी भरलाच न्हाई."

"भरा. तुमचाच भरा. मालक नंबर तुमचाच करा. पाया पडतो, पर पाणी सोडा."

"अडला हरी!" मागनं एक म्हातारा ओरडला. "धरतोय पाय गाढवाचं!"

"म्हंजी मी गाढव व्हय वो, आबा?" लीलाबाईनं विचारलं आणि सगळी डेअरी हसली. पलीकडं तिरुपतीत हंबीरराव ते हसणं ऐकत उभा होता. त्याला फोन ठेवताही येत नव्हता. लीलाबाईला आतून गार वाटलं. तीन वर्षं अंगात साठलेला उबारा कुणीतरी एका झटक्यात काढून घेतल्यासारखं वाटलं.

"उद्या सकाळी कुलूप तोडते," ती म्हणाली आणि तिनंच फोन ठेवला.

शनिवारी आठला महेजबीन आणि मोहसीन मोटारसायकलवरून आली. बाळासोनं हातोडा घातला, तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. महेजबीननं कार्ड परत पेटीत घातलं, आतलं बटण दाबून जुना मालक नंबर पुसला, लीलाबाईचा नंबर मालक म्हणून भरला, दुसरा पूजाचा. "लावा काकू," ती म्हणाली. लीलाबाईनं फोन लावला. विहिरीत मोटार घरघरली. पन्नाशीच्या घरातली ती बाई पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली.

बाळासोनं पाटाकडं बघितलं. पाणी हळदीकडं चाललं होतं.

"वैनी, आधी मिरचीला तासभर देता का? हळद कळ काढंल. मिरचीच्यात आता जीव न्हाई."

हे खरं होतं. हळदीचा गड्डा जमिनीत असतो, तो दोन दिवस आणखी तग धरतो. लीलाबाईला हे त्याच्याइतकंच कळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं हंबीरराव होता. त्याची गाडी, त्याचा पंखा, त्याचे हसणारे पाहुणे. बाळासो तिला दिसतच नव्हता, तो समोर उभा असूनही.

"पाळी माझी हाय," ती म्हणाली. "चार दिवसांची तुंबलेली."

"अर्धा तास?"

"न्हाई."

तिनं दिवसभर दारं धरली. एकही सरी निम्मी सोडली नाही. बांधापर्यंत, कोपऱ्यापर्यंत, जिथं कधी पाणी पोचलं नव्हतं तिथंही तिनं पाणी नेलं. चार वाजता लाईट गेली. मिरचीला रविवारी सकाळी पाणी मिळालं, सगळंच्या सगळं, हवं तेवढं.

हंबीरराव मंगळवारी परत आला. शेडनेटच्या दारात गाडी थांबवली, खाली उतरला नाही. काचेतूनच बघितलं. झाडं उभी वाळली होती, फळं सुरकुतून खाली पडली होती. त्यानं बाळासोला दोन शिव्या हासडल्या आणि कराडला निघून गेला. यंदाची मिरची गेली तर पुढच्या साली पुन्हा लावायची. त्याच्या घरी चूल पेटायची ती ठेक्यावर, मिरचीवर नव्हे. बांधावरून लीलाबाई हे बघत होती. तिला वाटलं होतं तो रडेल, निदान ओरडेल. तो नुसता गाडी वळवून गेला.

संध्याकाळी ती शेडनेटकडं गेली. का गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आत सुलाबाई एकटीच होती. वाळलेली झाडं उपटून ती दोऱ्या सोडत होती, कारण दोऱ्या पुन्हा वापरता येतात. बाळासो ऊसतोडीच्या मुकादमाकडं उचल मिळते का ते बघायला गेला होता. त्याच्या पोरीचं लग्न या मिरचीवर ठरलं होतं. हे लीलाबाईला सुलाबाईनं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, पाऊसपाण्याचं बोलावं तसं.

लीलाबाई खाली बसली. एक दोरी सोडवायला घेतली. गाठ निघेना.

"सुले, मला तुमचं वाईट करायचं नव्हतं," ती म्हणाली. "मी त्याच्यावर डूख धरला हुता."

"ठावं हाय वैनी."

"उद्या महेजबीनला बोलावते. पेटीत तुमचाबी नंबर भरते. मग कुणालाच विचाराय नगो."

सुलाबाईनं हातातलं झाड उपटलं. माती रविवारच्या पाण्यानं अजून ओलसर होती, पण मुळं मेलेली होती. ते तिनं ढिगावर टाकलं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता कशाला पाणी पाजायचं हाय आमाला?"

आणि ती पुढच्या झाडाकडं सरकली. लीलाबाई तिथंच बसून राहिली, हातात ती न सुटणारी गाठ घेऊन.